मताची अट आणि तर्काचा अधिकार : ऑगस्टस डी मॉर्गन

१८६६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचे अध्यासन रिकामे झाले. त्या जागेसाठी जेम्स मार्टिनो यांचे नाव पुढे आले. त्यांची विद्वत्ता हा वादाचा मुद्दा नव्हता. मुद्दा असा होता की ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. हा पंथ ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धान्त मानत नाही, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये एवढेच कारण माणसाला अनेक दारांबाहेर ठेवायला पुरे होते. कॉलेजच्या नियामक मंडळाने मार्टिनो यांना नाकारले. त्यावर त्याच कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकाने राजीनामा दिला. या प्राध्यापकाचे वय साठ होते, हयातीतली तेहतीस वर्षे त्याने इथे शिकवण्यात घालवली होती. रिकामी जागा त्याच्या विषयाची नव्हती, नाकारलेला उमेदवार त्याच्या पंथाचा नव्हता, आणि या राजीनाम्यातून त्याला मिळण्यासारखे काहीच नव्हते. तरी त्याने लिहून कळवले की आपण कॉलेज सोडत नसून कॉलेजनेच आपल्याला सोडले आहे. हा प्राध्यापक म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते दोन नियमांपुरते माहीत असतात. संचांच्या किंवा विधानांच्या संयोगाचा नकार कसा घ्यायचा, हे सांगणारे ते नियम. पण डी मॉर्गन यांचे खरे कार्य त्या दोन नियमांत नाही. विचार युक्त आहे की नाही हे विचाराच्या रचनेवरून ठरते, तो कशाविषयी आहे किंवा कोणी केला आहे यावरून नव्हे, हे तत्त्व त्यांनी बीजगणितात आणि तर्कशास्त्रात खोलवर नेले, आणि तेच तत्त्व संस्थांच्या दारातही लागू करा असा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांचे गणित आणि त्यांचे राजीनामे एकत्र वाचले तरच दोन्ही नीट कळतात, असे माझे म्हणणे आहे.

त्यांचा जन्म २७ जून १८०६ रोजी मदुराईत झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. तान्हेपणीच एका आजारात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि सात महिन्यांचे असताना कुटुंबाने त्यांना इंग्लंडला नेले. पुढे ते स्वतःला इंग्रज, स्कॉटिश किंवा आयरिश यांपैकी काहीच म्हणवून घेत नसत, कुठल्याच गटाला न जोडलेला ब्रिटिश असे म्हणत. आईच्या बाजूने ते जेम्स डॉडसन यांच्या वंशातले. डॉडसन यांनी १७४२ साली प्रतिलॉगरिथमची कोष्टके छापली होती. १८२३ साली ऑगस्टस केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे जॉर्ज पीकॉक आणि विल्यम ह्यूएल यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८२७ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांना चौथा क्रमांक मिळाला. या गुणवत्तेवर फेलोशिप मिळणे आणि तिथेच पुढचे आयुष्य जाणे स्वाभाविक होते. पण एम.ए.ची पदवी घेण्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममतांना मान्यता देणारी सही करावी लागे, आणि एम.ए.शिवाय फेलोशिप नाही. डी मॉर्गन त्याच चर्चच्या वळणात वाढले होते. तरीही त्यांनी सही नाकारली. केंब्रिज सुटले, आणि पोटासाठी कायदा शिकायचा म्हणून ते लंडनच्या लिंकन्स इनमध्ये गेले.

ही अट म्हणजे नुसता उपचार नव्हता. ऑक्सफर्डमध्ये तर प्रवेश घेतानाच चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे, केंब्रिजमध्ये पदवी घेताना मताची खात्री द्यावी लागे. कॅथलिक, ज्यू आणि चर्चपासून फुटून निघालेले प्रोटेस्टंट या सगळ्यांना इंग्लंडमधल्या त्या काळच्या दोनच विद्यापीठांची दारे पूर्ण किंवा अर्धी बंद होती. त्याला उत्तर म्हणून लंडन युनिव्हर्सिटी निघाली. तीच पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज झाली. तिथे विद्यार्थी किंवा शिक्षक, कोणालाही धर्ममत विचारायचे नाही, हे तिचे मूळ वचन होते. १८२८ साली तिथल्या पहिल्या गणिताच्या प्राध्यापकपदी एकवीस वर्षांच्या डी मॉर्गन यांची निवड झाली. पहिल्याच वर्षी त्यांच्या वर्गात चौदा वर्षांचा एक ज्यू मुलगा होता, जेम्स जोसेफ सिल्वेस्टर. हाच सिल्वेस्टर १८३७ साली केंब्रिजच्या परीक्षेत दुसरा आला आणि सही करता येत नाही म्हणून पदवीविना बाहेर पडला. पुढे त्याची गणना शतकातल्या मोठ्या बीजगणितज्ञांत झाली. बुद्धीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही मताच्या परीक्षेने माणूस अडतो, हे डी मॉर्गन यांनी स्वतःच्या बाबतीत पाहिले होते, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पुन्हा पाहिले.

या प्रश्नावर त्यांची भूमिका कोणत्याही मोबदल्यासाठी नव्हती. १८३१ साली शरीरशास्त्राचे प्राध्यापक पॅटिसन यांना मंडळाने काढून टाकले आणि त्यांच्या चारित्र्यावर किंवा ज्ञानावर आपला काही आक्षेप नाही असेही जाहीर केले. दोष न दाखवता प्राध्यापकाला काढता येत असेल तर त्या पदाला अर्थ उरत नाही, असे म्हणून डी मॉर्गन यांनी पहिला राजीनामा दिला. १८३६ साली त्यांच्या जागी आलेले प्राध्यापक बुडून मरण पावल्यावरच ते परतले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांनी कधी मागितले नाही, एडिंबरा विद्यापीठाची सन्माननीय पदवी घेतली नाही. पण सर्वांत बोलका पुरावा त्यांच्या मृत्युपत्रात आहे. येशू हा ईश्वराचा पुत्र आहे असे आपण अंतःकरणात मानतो, मात्र ओठांनी तसे कधी कबूल केले नाही, कारण आपल्या काळात तशी कबुली हा पुढे चढण्याचा मार्ग होता, असे त्यांनी त्यात लिहून ठेवले. म्हणजे १८२७ ची सही त्यांनी अश्रद्धेपोटी नाकारली नव्हती. जे मत उच्चारल्याने पद मिळते, त्या मताचा उच्चार हा पुरावा म्हणून निरुपयोगी होतो, ही त्यांची हरकत होती. कबुलीमागे विश्वास आहे की लाभ, हे बाहेरून ओळखता येत नाही. तर्कज्ञाच्या नजरेने पाहिले तर मताची सक्ती आपला स्वतःचा उद्देशच हाणून पाडते.

आता गणिताकडे वळू. १८३७ साली डी मॉर्गन यांनी सोफिया फ्रेंड यांच्याशी विवाह केला. त्यांचे सासरे विल्यम फ्रेंड यांना चर्चच्या व्यवस्थेवर टीका करणारी पुस्तिका लिहिल्याबद्दल १७९३ साली केंब्रिजमध्ये खटल्याला सामोरे जावे लागले होते आणि तिथून त्यांना बाहेर काढले गेले होते. फ्रेंड यांचा विरोध आणखी एका गोष्टीला होता, ती म्हणजे ऋण संख्या. शून्याहून कमी असे काही असूच शकत नाही, म्हणून ऋण संख्या वापरणारे बीजगणित अर्थहीन बडबड आहे, असे त्यांनी १७९६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. ही विक्षिप्त कल्पना म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण आक्षेप खरा होता. चिन्हाला अर्थ असलाच पाहिजे असे मानले तर उणे एकाचे वर्गमूळ घेणाऱ्या गणितज्ञाजवळ उत्तर नव्हते. डी मॉर्गन यांच्यापुढेही सुरुवातीला ही अडचण होती. १८३१ च्या गणिताच्या अभ्यासावरील पुस्तकात त्यांनी एक उदाहरण घेतले. वडील ५६ वर्षांचे, मुलगा २९ वर्षांचा, तर किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट होईल? उत्तर येते उणे दोन. त्याचा अर्थ डी मॉर्गन यांनी असा लावला की प्रश्नच चुकीचा विचारला गेला, ही घटना दोन वर्षांपूर्वी घडून गेली आहे. ऋण उत्तर म्हणजे मांडणीतली विसंगती दाखवणारी खूण. पुढच्या अठरा वर्षांत त्यांची भूमिका बदलली. १८४९ च्या त्रिकोणमिती आणि दुहेरी बीजगणितावरील ग्रंथात ते नियम आधी सांगतात आणि अर्थ नंतर देतात. त्या प्रकरणात बरोबरीच्या चिन्हाखेरीज कोणत्याही शब्दाला किंवा चिन्हाला कणभरही अर्थ नाही, असे ते वाचकाला बजावतात. चिन्हांनी नियम पाळले की रीत युक्त ठरली, अर्थ कोणताही द्या, एकाहून अधिक द्या. त्याच नियमांना प्रतलावरच्या रेषाखंडांचा अर्थ दिला की संमिश्र संख्या उभ्या राहतात आणि उणे एकाचे वर्गमूळ हे नव्वद अंशांचे वळण होते. फ्रेंड यांचा आक्षेप त्यांनी झटकून टाकला नाही. अर्थ आणि युक्तता वेगळ्या करून त्यांनी तो सोडवला.

हीच कृती तर्कशास्त्रात अधिक धाडसाची होती. अॅरिस्टॉटलपासून चालत आलेले संवाक्य, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढण्याचा साचा, बावीस शतके जवळपास तसाच शिकवला जात होता. त्याच्या केंद्रस्थानी ‘आहे’ हे क्रियापद होते. सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. डी मॉर्गन यांनी विचारले, इथे निष्कर्ष निघतो तो ‘आहे’ या शब्दाच्या अर्थामुळे की त्या शब्दाच्या एखाद्या गुणधर्मामुळे? त्यांचे उत्तर होते, गुणधर्मामुळे. क पासून ख पर्यंत आणि ख पासून ग पर्यंत असलेला संबंध क पासून ग पर्यंत पोहोचत असेल, म्हणजे तो संक्रामक असेल, तर ‘आहे’च्या जागी तसा कोणताही संबंध ठेवा, युक्तिवाद टिकतो. मोठा असणे, पूर्वज असणे, आधी घडणे, काहीही चालेल. दुसरा प्रश्न प्रमाणाचा होता. जुन्या तर्कात ‘सर्व’ आणि ‘काही’ एवढेच ठाऊक होते. पण एखाद्या मंडळात १०० सभासद असतील, त्यांतल्या ७० जणांना संस्कृत येत असेल आणि ६० जणांना फारसी, तर निदान ३० जणांना दोन्ही भाषा येतातच. हा निष्कर्ष अगदी निश्चित आहे, आणि जुन्या साच्यात तो बसत नाही. १८४७ च्या ‘फॉर्मल लॉजिक’ या ग्रंथात त्यांनी अशा संख्यानिष्ठ अनुमानांची पद्धतशीर मांडणी केली. तिसरी उणीव सर्वांत प्रसिद्ध आहे. माणूस हा प्राणी आहे, म्हणून माणसाचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. शेंबड्या पोराला पटणारे हे अनुमान अॅरिस्टॉटलच्या कोणत्याही संवाक्यातून सिद्ध होत नाही, कारण ते ‘चे डोके असणे’ या संबंधावर उभे आहे आणि त्या तर्कशास्त्रात संबंधाला जागाच नव्हती. १८६० साली केंब्रिजच्या तत्त्वज्ञान सभेच्या नियतकालिकात त्यांनी संबंधांचे तर्कशास्त्र उभे केले. संबंधांची जोडणी, त्यांचा व्यत्यास, त्यांचा नकार यांचे नियम त्यात आहेत. अमेरिकेत चार्ल्स पर्स यांनी ते काम पुढे नेले आणि पहिल्या पावलाचे श्रेय डी मॉर्गन यांना दिले. आधुनिक तर्कशास्त्र आणि संबंधांच्या रूपात माहिती साठवणारी आजची संगणकीय माहितीकोशांची पद्धत याच वाटेने आली.

यावर पहिला आक्षेप असा की डी मॉर्गन यांचे श्रेय इथे फुगवले जात आहे. त्यांच्या नावाचे दोन नियम मध्ययुगातल्या ऑकमच्या विल्यमसारख्या तर्कज्ञांना शब्दरूपात माहीत होते. १८४७ सालीच जॉर्ज बूल यांची तर्काच्या गणिती विश्लेषणावरील पुस्तिका निघाली, आणि बूल यांची बीजगणिती पद्धत डी मॉर्गन यांच्या किचकट चिन्हलेखनाहून कितीतरी सुटसुटीत ठरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांनी माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. बूल यांनी वर्गांचे तर्कशास्त्र बीजगणितात आणले, संबंधांचे नव्हे. माणसाच्या डोक्याचे अनुमान बूल यांच्या पद्धतीतही सुटत नाही. शिवाय बूल तर्काकडे वळले तेच डी मॉर्गन यांच्या एका वादामुळे. एडिंबराचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांनी डी मॉर्गन यांच्यावर विधेयाच्या प्रमाणाविषयीची आपली कल्पना चोरल्याचा आरोप केला होता. गणिताने बुद्धीला वळण लागत नाही असे मानणारा हा विद्वान होता. त्या वादाने आपले लक्ष पुन्हा तर्काकडे गेले, असे बूल यांनी आपल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत नोंदवले. बूल हे लिंकनच्या एका चांभाराचे पुत्र, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेले, स्वतःच्या बळावर शिकलेले. आपल्याच विषयात आपल्याहून पुढे जाणाऱ्या या माणसाशी डी मॉर्गन यांनी आयुष्यभर स्नेहाचा पत्रव्यवहार ठेवला आणि १८४९ साली कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी त्यांची शिफारस केली. अग्रक्रमाची भांडणे त्या काळी किती कडवट होत हे हॅमिल्टन प्रकरणातून दिसतेच. त्या पार्श्वभूमीवर हे वागणे स्वभावापेक्षा तत्त्वाकडे बोट दाखवते. युक्तिवाद योग्य असेल तर तो चांभाराच्या मुलाचा आहे की लॉर्डांच्या मुलाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तर्कशास्त्रात आशय बाजूला ठेवणे आणि नेमणुकीत धर्ममत बाजूला ठेवणे, यांच्यात नुसते शब्दांचे साम्य आहे, असे कोणी म्हणेल. चिन्हांचे बीजगणित डी मॉर्गन यांना ज्यांच्याकडून मिळाले ते जॉर्ज पीकॉक स्वतः चर्चचे धर्मगुरू होते आणि पुढे ईलीच्या कॅथेड्रलचे डीन झाले. अमूर्त गणिताने त्यांना काही बंडखोर केले नाही. हे मान्यच करायला हवे. तर्कातून नीती निघत नाही. पण मी क्रम उलटा पाहतो. १८२७ ची नाकारलेली सही आधी आली, १८३१ चा राजीनामा आधी आला, आणि अर्थापासून मोकळे केलेले बीजगणित व संबंधांचे तर्कशास्त्र नंतरच्या तीन दशकांत उभे राहिले. एखादा माणूस काय मानतो आणि तो कसा विचार करतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला स्वतःच्या आयुष्याने शिकवले, त्याच्या संशोधनात युक्तता आणि सत्यता यांची फारकत इतक्या सातत्याने यावी, हा मला योगायोग वाटत नाही. निदान एवढे नक्की म्हणता येते की पीकॉक यांना जे गणितापुरते पुरेसे वाटले, ते डी मॉर्गन यांना गणितापुरते पुरेसे वाटले नाही.

१८६६ च्या राजीनाम्याविषयीही एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो घेणारे कोणी धर्मांध नव्हते. मंडळात मार्टिनो यांना विरोध करणाऱ्यांत ग्रीसचे इतिहासकार जॉर्ज ग्रोट प्रमुख होते. ते कॉलेजच्या संस्थापकांच्या पिढीतले, धर्मसत्तेचे जुने विरोधक. त्यांचे म्हणणे असे की तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर कोणत्याही पंथाचा धर्मोपदेशक बसला तर कॉलेजची तटस्थता मोडते. म्हणजे दोन्ही बाजू तटस्थतेच्याच नावाने बोलत होत्या. पण दोन तटस्थतांत फरक आहे. ग्रोट यांची तटस्थता माणसाचे मत विचारते आणि मग त्याला बाहेर ठेवते. डी मॉर्गन यांची तटस्थता विचारतच नाही. मार्टिनो वर्गात पंथाचा प्रचार करतील अशी भीती असेल तर त्यांच्या शिकवण्यावर लक्ष ठेवता येते, चूक झाल्यास ती दाखवता येते. शिकवण्याआधीच त्यांच्या पंथावरून निर्णय घेणे म्हणजे १८२७ च्या केंब्रिजची सही उलट्या बाजूने मागणे होय. शिवाय इतर काही जणांची भीती तत्त्वाची नव्हतीच, प्रसिद्ध युनिटेरियन नेमला तर विद्यार्थी कमी होतील, हा हिशेब होता. ज्या संस्थेचे अस्तित्वच एका वचनावर उभे आहे, तिने गैरसोय होताच ते वचन मोडावे, हे डी मॉर्गन यांना सहन झाले नाही. त्यांच्या बाजूने निर्णय द्यावा असेच मला वाटते.

भारताशी त्यांचा संबंध जन्मापुरता राहिला नाही. दिल्ली कॉलेजातले शिक्षक रामचंद्र यांनी १८५० साली कलकत्त्यात स्वखर्चाने एक ग्रंथ छापला. महत्तम आणि लघुतम मूल्ये काढण्याचे प्रश्न कलनाशिवाय, निव्वळ बीजगणिताने सोडवण्याची रीत त्यात होती. समीकरणाची मुळे वास्तव असण्याची अट कुठे संपते हे पाहून रामचंद्र त्या राशीची मर्यादा गाठत. कलकत्त्यात ग्रंथावर प्रतिकूल टीका झाली. पण कलकत्त्यातले ब्रिटिश अधिकारी बेथून यांच्यामार्फत प्रत डी मॉर्गन यांच्या हाती आली, आणि त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला. १८५९ साली लंडनमध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ पुन्हा निघाला. १८५७ च्या उठावानंतर भारतीयांविषयी इंग्लंडमध्ये वैर धुमसत असतानाची ही वेळ होती. प्रस्तावनेचा गाभा असा की भारताजवळ बीजगणिताची स्वतःची थोर परंपरा आहे, शिक्षणाने त्या परंपरेवर उभे राहावे, केवळ युरोपीय पुस्तके आणून ओतू नयेत. ती परंपरा म्हणजे ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य. त्यांचे ग्रंथ कोलब्रुक यांच्या १८१७ च्या भाषांतरामुळे युरोपला परिचित झाले होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, म्हणजे ही परंपरा खानदेशातही रुजलेली होती. मेकॉले यांच्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत लंडनच्या प्राध्यापकाने असे लिहिणे सोपे नव्हते. तरी इथेही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. डी मॉर्गन रामचंद्रांची रीत तपासतात तेव्हा ते स्वतःच्या तत्त्वाला धरून असतात. पण ते अख्ख्या समाजाच्या बुद्धीच्या कलाविषयी बोलू लागतात तेव्हा एका माणसाचे काम हा एका जमातीचा नमुना होतो, आणि रामचंद्र नावाचा गणितज्ञ मागे पडतो.

तत्त्व सर्वांत ठळकपणे मोडले ते स्त्रियांच्या बाबतीत. १८४० च्या सुमाराला त्यांनी एडा लव्हलेस यांना पत्रांतून कलन शिकवले. २१ जानेवारी १८४४ रोजी एडाच्या आईला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की केंब्रिजला निघालेल्या एखाद्या तरुणात ही शक्ती दिसली असती तर तो स्वतंत्र संशोधक होईल असे आपण भाकीत केले असते. आणि त्याच पत्रात त्यांना चिंता वाटते की एवढा बौद्धिक ताण स्त्रीचे शरीर सोसणार नाही. काळाचा प्रभाव म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण काळाचा प्रभाव बाजूला ठेवणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. समोर पुरावा होता, त्यांनी तो स्वतः तपासला होता, निष्कर्षही काढला होता. मग व्यक्ती कोण आहे या प्रश्नाने तो निष्कर्ष मागे खेचला. दुसरी बाजूही खरी आहे. १८४९ साली बेडफर्ड स्क्वेअरमध्ये स्त्रियांसाठी कॉलेज निघाले तेव्हा पहिल्या वर्षी गणित शिकवायला तेच गेले. म्हणजे कृती पुढे गेली आणि समजूत मागे राहिली. तसाच एक डाग परलोकविद्येच्या नादाचा दाखवला जातो. पत्नी सोफिया यांनी १८६३ साली आत्म्यांच्या संदेशांवर पुस्तक लिहिले आणि डी मॉर्गन यांनी नाव न देता त्याला प्रस्तावना लिहिली. पाहिलेल्या घटना आपण नाकारू शकत नाही, पण त्यांचे कोणतेही स्पष्टीकरण आपल्याला पटलेले नाही, अशी त्यांची भूमिका होती. घटना आणि स्पष्टीकरण वेगळे ठेवणे तर्काला धरून होते, पण घटना नीट पाहिली गेली का, त्यात फसवणूक होती का, हे ठरवायला अनुमानाची युक्तता पुरत नाही. रचना तपासणारे शास्त्र साक्ष तपासू शकत नाही, ही त्यांच्या पद्धतीची खरी सीमा इथे दिसते.

डी मॉर्गन मोठे शोध लावणारे नव्हते, शिकवणारे आणि लिहिणारे होते, असेही म्हटले जाते. पण या तत्त्वाला शोधाइतकीच प्रसाराची गरज होती, आणि तो त्यांनी अफाट केला. सामान्य वाचकांसाठी निघालेल्या स्वस्त ‘पेनी सायक्लोपीडिया’त त्यांच्या ७०० हून अधिक नोंदी आहेत. गणिती विगमन या सिद्धतेच्या रीतीला तिचे आजचे नाव त्यांच्या १८३८ च्या अशाच एका नोंदीने दिले. कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने आपल्या भावाचा प्रश्न आणला की कोणताही नकाशा शेजारचे प्रदेश वेगळे दिसतील असा चार रंगांत रंगवता येतो का, तेव्हा त्यांनी तो किरकोळ मानला नाही. २३ ऑक्टोबर १८५२ रोजी डब्लिनचे गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन (एडिंबराचे हॅमिल्टन वेगळे) यांना तो पत्राने कळवला. हॅमिल्टन यांनी त्यात रस घेतला नाही, सिद्धता १९७६ साली संगणकाच्या मदतीने मिळाली, पण प्रश्न हरवला नाही तो या पत्रामुळे. १८६५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली ती त्यांचा मुलगा जॉर्ज आणि त्याचा एक मित्र यांच्या पुढाकाराने, आणि पहिले अध्यक्ष डी मॉर्गन झाले. दोनच वर्षांत जॉर्ज वारला. पाठोपाठ एका मुलीचेही निधन झाले. कॉलेज आधीच सुटले होते. १८ मार्च १८७१ रोजी डी मॉर्गन यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन महिन्यांत, जून १८७१ मध्ये, ब्रिटिश संसदेने विद्यापीठांतल्या धर्ममताच्या अटी रद्द करणारा कायदा केला. १८६९ साली केंब्रिजमध्ये पहिला आलेला ज्यू विद्यार्थी नूमा हार्टॉग सहीअभावी फेलोशिपला मुकला होता आणि त्याच्या साक्षीने कायद्याच्या बाजूला बळ आले होते. सिल्वेस्टर ते हार्टॉग या बत्तीस वर्षांत केंब्रिजची परीक्षा तीच राहिली, अटही बहुतेक तीच राहिली, बदलले ते लोकमत. ते बदलायला डी मॉर्गन यांच्यासारख्या माणसांनी दिलेले राजीनामे लागले, कारण संस्थेला आपले वचन आठवून देणारा कोणी आतच असावा लागतो. विचाराची युक्तता बोलणाऱ्याच्या मतावर अवलंबून नाही, हे आज तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते आणि कोणी त्यावर वाद घालत नाही. नेमणूक करताना, पुस्तक पारखताना, एखाद्या मुलीची बुद्धी जोखताना मात्र ते प्रत्येक वेळी नव्याने लागू करावे लागते, आणि स्वतः डी मॉर्गन यांनाही ते दर वेळी जमले नाही. म्हणून त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट दोन नियमांहून मोठी आहे. रचनेवरून न्याय करायचा हे एकदा मान्य केले की कोणत्या दारात आपण अजूनही नाव आणि मत विचारतो, याची तपासणी आपल्यापासून सुरू होते, आणि तिची किंमतही आपणच मोजायची असते.